सशाच्या बिळात कोणाला सोडायचं? फेरेटचा नर की मादी

इंग्लंडमध्ये शेताला लागून घर घेतलेल्या दोन-तीन मराठी कुटुंबांनी गेल्या वर्षभरात मला एकच प्रश्न विचारला. शेतमालकाने ससे धरायला परवानगी दिली आहे, फेरेट पाळायचे आहेत, तर नर घ्यावा की मादी? माझं उत्तर असं: बिळातल्या कामाला मादी उजवी आहे. पण ती तुम्हाला झेपेल की नाही, हे हिवाळ्यात बिळाच्या तोंडाशी कळत नाही. ते कळतं मार्च-एप्रिलमध्ये, ती माजावर आली की.

ज्यांनी फेरेट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लांबट अंगाचा हा प्राणी पाहून आपल्याला मुंगूस आठवतं, पण त्याचं मुंगसाशी नातं नाही. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याचा हा माणसाळलेला वंश. इथले लोक नराला हॉब म्हणतात, मादीला जिल आणि पिल्लांना किट्स. सशाबद्दलही एक खुलासा हवा. आपल्याकडच्या माळरानावरचा ससा बीळ करत नाही, गवतात दबा धरून बसतो. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याची शिकार करता येत नाही, आणि बीळच नसल्यामुळे फेरेटचा तिथे उपयोगही नाही. हा आणि ब्रिटनमधला, मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो. ब्रिटनमधला हा ससा मात्र जमिनीखाली बोगद्यांचं जाळं करून कळपाने राहतो आणि गव्हाची कोवळी रोपं शेताच्या कडेने खात आत सरकतो. मध्ययुगात त्याला मांसासाठी आणि कातड्यासाठी मुद्दाम पाळत. पूर्व इंग्लंडमधल्या थेटफर्डजवळ १४००च्या सुमाराला बांधलेलं सशांच्या राखणदाराचं दगडी घर आजही उभं आहे. आता तोच ससा पिकाचा शत्रू ठरला आहे. १८८०च्या कायद्याने जमीन कसणाऱ्याला ससे धरण्याचा हक्क मिळाला, आणि १९५४च्या कायद्याने ते आटोक्यात ठेवण्याची जबाबदारीही आली. जमीन दुसऱ्याची असेल तर त्याची परवानगी लेखी घ्या.

काम साधं दिसतं. बिळाच्या प्रत्येक तोंडावर बटव्यासारखी आवळणारी जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा आणि गप्प उभं राहायचं. जमिनीखाली धपधप ऐकू येते आणि ससा झेपावत जाळीत येतो. जाळीत आलेला ससा क्षणात मारता येत नसेल, तर ते एखाद्या जाणत्याकडून शिकेपर्यंत या कामाला हात घालू नये.

इथून नर-मादीचा फरक सुरू होतो, आणि तो मुख्यतः अंगकाठीचा आहे. मादी साधारण ६०० ते ९०० ग्रॅमची. नर जवळजवळ दुप्पट, किलोच्या वर, काही तर दोन किलोपर्यंत, म्हणजे वजनाने सशाच्या तोडीचा. बारीक मादी अरुंद बोगद्यात सहज वळते. बिळाच्या तोंडाशी आली की जाळीच्या आसातून (कोकणात मासेमारीच्या जाळ्याच्या डोळ्याला हाच शब्द आहे) अलगद बाहेर येते आणि पुन्हा आत जाते. जाळी जागची हलत नाही. थोराड नर त्याच जाळीत अडकतो. मग तुम्ही वाकून त्याला सोडवायचं, जाळी पुन्हा नीट लावायची, आणि तेवढ्यात शेजारच्या तोंडातून ससा निघून जातो. थंडीने बधिर झालेल्या बोटांनी हे दिवसातून आठ-दहा वेळा केलं की अंगकाठीचं महत्त्व पटतं.

दुसरी गोष्ट, बिळात ठार मारण्याची. आपल्याला ससा बाहेर हवा असतो, आत मेलेला नको असतो. ससा बंद टोकाच्या बोगद्यात शिरला की पाठ फेरेटकडे करून घट्ट बसतो. मादी ओरबाडते, खरवडते, जमलं तर वरून सरकून पुढे जायला बघते, आणि पुष्कळदा कंटाळून परत फिरते. ताकदवान नर सहसा सोडत नाही. त्याने ससा मारला की तो तिथेच खातो आणि शेजारी झोपतो. तुम्ही वर चिखलात उभे, दिवस साडेतीनलाच कलायला लागलेला. माझ्या पहिल्या हंगामात असाच एक उसना आणलेला नर हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणाखाली बसून राहिला होता. मुळं तोडत आम्ही दोघांनी अडीच तास खणलं. शेवटी तो सापडला तेव्हा सशाच्या अंगावर डोकं ठेवून गाढ झोपला होता. मादीही अशी बसून राहते, नाही असं नाही. माझ्या अनुभवात ते कमी वेळा होतं, आणि आमच्या गावातले जुने शिकारीही हेच सांगतात.

नराचं एक जुनं, मानाचं काम होतं, ते सांगायलाच हवं. गळ्यात बांधायची इलेक्ट्रॉनिक यंत्रं नव्हती तेव्हा मादी आत अडकली की दांडगा नर दोरी बांधून तिच्या मागे सोडत. त्याला 'लायनर' म्हणत आणि तो मुद्दाम वेगळा, एकटा ठेवत. तो आत जाऊन मादीला हुसकावून लावायचा आणि मेलेल्या सशावर स्वतः ठाण मांडायचा. दोरीला यार्डा-यार्डावर गाठी असत. किती गाठी आत गेल्या ते मोजायचं आणि दोरीचा माग काढत खणत जायचं. आता गळ्यातल्या कॉलरमधून संदेश येतो, हातातल्या यंत्रावर जागा आणि खोली कळते, आणि नेमका त्याच जागी खड्डा घेता येतो. लायनरचं काम गेलं, आणि दांडगा नर पाळण्याचं सगळ्यात मोठं कारणही गेलं. कॉलरशिवाय मात्र फेरेट सोडूच नका, नर असो की मादी. हरवलेला फेरेट थंडीत तरी मरतो, नाहीतर कोणाच्या कोंबड्या मारतो.

नराच्या बाजूने बोलायचं तर लांबलचक, खोल, जुन्या बिळांत त्याचा दम टिकतो आणि सशाच्या लाथांनी तो लवकर बिथरत नाही. पण तशी मोठी बिळं आता फार उरलेली नाहीत. मिक्सोमॅटोसिस १९५३मध्ये आला आणि १९९०च्या दशकात आरएचडी हा दुसरा विषाणूजन्य रोग. ससे खूप घटले. कुंपणाच्या कडेची पाच-सहा तोंडांची बिळं एखाद-दुसरी चपळ मादी आरामात पिंजून काढते.

स्वभावाबद्दल लोक खूप बोलतात. नर शांत, मांडीवर पसरणारा, आणि मादी चळवळी, हातातून निसटणारी, हे ढोबळमानाने खरं आहे. पण चावण्याचा संबंध लिंगाशी कमी आणि पिल्लूपणी किती हाताळलं याच्याशी जास्त. रंगाचंही तसंच. पांढरा फेरेट गवतात लगेच दिसतो, एवढाच त्याचा फायदा.

आता मार्च. दिवस मोठे होऊ लागले की मादी माजावर येते. गाईचा माज एका दिवसात उतरतो, हिचा उतरत नाही. नराशी संग झाल्याशिवाय तिचं बीज सुटतच नाही, त्यामुळे माज महिनोन्महिने, कधी सप्टेंबरपर्यंत चालू राहतो. तितका काळ अंगात राहिलेलं इस्ट्रोजेन अस्थिमज्जेला मारक ठरतं. रक्त तयार होणं मंदावतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, मादी मलूल होते आणि मरू शकते. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात मादीचं योनिद्वार सुजलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं जखम झाली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ती वाचली. तो दिवस आठवला की अजून पोटात कालवतं, कारण अजून काही आठवडे मी तसाच बसलो असतो.

उपाय आहेत. डॉक्टरांकडून हार्मोनचं इंजेक्शन, ज्याला इथे 'जिल जॅब' म्हणतात, किंवा कातडीखाली बसवायची, माज दाबून ठेवणाऱ्या डेस्लोरेलिन या औषधाची कांडी. नसबंदी केलेला नर सोबत ठेवला तर मादीचा माज उतरतो, बेचाळीसेक दिवस खोटं गाभणपण चालतं आणि मग ती त्याच हंगामात पुन्हा माजावर येते. शस्त्रक्रियेनंतर त्या नराला दोनेक महिने मादीजवळ सोडायचं नाही, नाहीतर खरंच गाभण राहील. पूर्ण खच्चीकरण नर-मादी दोघांचंही होतं, पण पुढच्या वयात मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथीच्या आजाराशी त्याचा संबंध आढळलेला आहे, म्हणून कांडीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. वीण घेऊन प्रश्न सोडवू नका. एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात, त्यांना चांगली घरं मिळत नाहीत आणि उन्हाळ्यात निवारा केंद्रं भरून जातात.

नराला असा जिवावरचा धोका नाही. त्याचा त्रास वेगळा. जानेवारी-फेब्रुवारीपासून तो मदावर येतो, अंगाला उग्र वास सुटतो, केस तेलकट पिवळे होतात, दुसऱ्या नराशी रक्त निघेपर्यंत भांडतो, आणि मादीला मानेला धरून फरफटत नेतो. शिकारीचा हंगाम ऑक्टोबर ते मार्च. त्यातले शेवटचे आठवडे अशा नराचं लक्ष सशांवर कमी आणि मादीवर जास्त. खच्ची केलेला किंवा कांडी बसवलेला नर मात्र निवांत असतो, वासही खूप कमी येतो.

म्हणून, फेरेट जाणणारा पशुवैद्य जवळ असेल आणि दर वसंतात त्याच्याकडे जायची तयारी असेल, तर दोन बारीक माद्या घ्या. तशी खात्री नसेल, घर लहान असेल, मुलं खेळणार असतील आणि शिकार महिन्यातून एखाद्या रविवारी होणार असेल, तर लहान चणीचे दोन खच्ची नर घ्या. जाळीत थोडे जास्त अडकतील, पण कॅलेंडरकडे तुमचं दुर्लक्ष झालं म्हणून कोणी मरणार नाही. माझ्याकडे दोन माद्या आणि एक नसबंदीचा नर आहे. नर शिकारीला क्वचितच येतो. त्याचं काम एप्रिल ते ऑगस्ट.

पिल्लं बहुधा मे-जूनमध्ये होतात आणि आठ आठवड्यांनी आईपासून वेगळी करता येतात. बघायला जाल तेव्हा आधी आई-बापाची अंगकाठी बघा. पिल्लू आज मुठीत मावतं म्हणून फसू नका, नर पिल्लू पहिल्या हिवाळ्यापर्यंत बहिणीच्या दुप्पट होतं. आणि पैसे देण्याआधी पशुवैद्याला फोन करून विचारा, जिल जॅब तुमच्याकडे मिळतं का.