‘हँडमेडला आयएसआय लागत नाही ताई’ : लेकीचे लाकडी ठोकळे घेताना आम्ही कसे फसलो

लेकीचा पहिला वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. बटण दाबलं की गाणी म्हणणारी प्लास्टिकची खेळणी घरात आधीच भरपूर झाली होती, म्हणून मी आणि नवऱ्याने ठरवलं की आपल्याकडून एकच वस्तू द्यायची, चांगले लाकडी ठोकळे, जे तीन-चार वर्षं टिकतील आणि पुढे घरातल्याच कुणा लहानग्याला देता येतील. आम्ही राहतो पुण्यात धायरीला, माझं माहेर कुडाळ. लहानपणी सावंतवाडीला गेलं की मोती तलावाला एक चक्कर आणि मग चितार आळी, तिथली लाकडी फळं, बैलगाड्या, भातुकली बघत मी दुकानाच्या पायरीवरच बसून राहायचे आणि बाबा हाताला धरून उठवायचे. हे मुद्दाम सांगतेय, कारण फसवणाऱ्याने माझी नेमकी हीच जागा धरली.

रात्री लेकीला मांडीवर झोपवताना फोनवर जाहिरात आली. एक वयस्कर गृहस्थ लेथवर लाकूड फिरवतायत, त्यावर लाखेची कांडी टेकवतायत आणि बघता बघता लाकूड लालभडक चमकायला लागतं, खाली लिहिलेलं ‘सावंतवाडीच्या कारागिरांच्या हातचे ठोकळे, लाखेचे नैसर्गिक रंग, १ वर्षापासून पुढे’. ५० ठोकळे, किंमत २,१९९, पैसे आधी भरले तर १० टक्के सूट. मी लगेच ऑर्डर केली नाही हो, विचारपूस केली. व्हॉट्सॲपवर विचारलं की आयएसआय मार्क आहे का, तर दोन मिनिटांत उत्तर, ‘ताई, हँडमेड खेळण्यांना आयएसआय लागत नाही, सरकारनेच सूट दिलीय’, आणि सोबत एका बातमीचा स्क्रीनशॉट. बातमी मी शोधून पाहिली, खरी होती. मग म्हटलं माणूस खरं बोलतोय, आणि १,९७९ रुपये भरून टाकले.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथे आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, देशात बनलेलं असो की बाहेरून आलेलं. सूट आहे, पण ती ‘हाताने बनवलेलं’ या शब्दाला नाही. ती आहे केंद्राच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिराने बनवून विकलेल्या वस्तूला, आणि जीआय (म्हणजे विशिष्ट गावाच्या किंवा भागाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्तूला मिळणारं भौगोलिक मानांकन) मिळालेल्या वस्तूंच्या नोंदणीकृत मालकांना आणि अधिकृत वापरकर्त्यांना. म्हणजे चितार आळीत बसून पिढ्यानपिढ्या काम करणाऱ्या माणसावर फॅक्टरीसारखा टेस्टिंगचा खर्च पडू नये म्हणून दिलेली सवलत आहे ती, आणि योग्यच आहे. कुणीही उठून बॉक्सवर हँडमेड लिहिलं की लागू होते असं नाही. मला अर्धं खरं दाखवलं आणि उरलेलं अर्धं मी विचारलंच नाही. कारागिरांना पहचान कार्ड मिळतं, त्यावर नंबर असतो, तो मागायला हवा होता. नंतर मागितला तेव्हा दोन निळ्या टिका आल्या आणि उत्तर काही आलं नाही.

पार्सल आलं वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. आई कुडाळहून आली होती, तिनेच बॉक्स उघडला. एक ठोकळा हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला आणि म्हणाली, ‘ह्यां काय आपल्या चितार आळीतलां नाय गो बाय.’ मी म्हटलं अगं डिझाइन नवीन आहे, आता असं करतात. घरात पाहुणे, स्वयंपाक, फुगे, मला ते ऐकायचंच नव्हतं. बॉक्सच्या तळाला एक छोटा स्टिकर होता, त्यावर ३+ आणि लहान बाळाच्या चेहऱ्यावर तिरकी रेघ मारलेलं चित्र. वेबसाइटवर एक वर्षापासून, बॉक्सवर तीन वर्षांच्या पुढे! तो स्टिकर मी वाढदिवस होऊन गेल्यावर चार दिवसांनी वाचला. आणि ३+ म्हणजे ‘मूल हुशार असेल तर आधीही चालेल’ असं नसतं, मीही आधी तसंच समजायचे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो की आत घशात अडकतील असे बारीक तुकडे आहेत.

आणि होतेच. ५० मधले मोठे चौकोनी ठोकळे १६, बाकी सगळं भरताड, छोट्या कमानी, बोटाएवढ्या दांड्या, बोराएवढे गोल. तिसऱ्या दिवशी दुपारी मी कणीक मळत होते, लेक शेजारी सतरंजीवर खेळत होती, एकदम शांत झाली म्हणून वळून पाहिलं तर गालाचा फुगा झालेला आणि ओठांवर निळा रंग. माझ्या छातीत काय झालं ते मला इथे लिहिता येत नाही. तो निळा रंग पेंटचा होता, तिचा श्वास नीट चालू होता, तुकडा ओठांपाशी दिसत होता म्हणून आईने पटकन काढला. गोल दांडीचा तुकडा, जेमतेम दोन सेंटिमीटर. मी कणकेच्या हातानेच तिला घेऊन बसले आणि बराच वेळ उठले नाही.

त्या संध्याकाळी सगळे ठोकळे टेबलावर मांडून बघितले. पांढरं ओलं फडकं घासलं तर फडकं लाल-निळं. लेकीने चावलेल्या ठोकळ्यांचे कोपरे फुगून बिस्किटासारखे भुसभुशीत झालेले, कारण ते लाकूड नव्हतंच, भुसा आणि गोंद दाबून केलेलं एमडीएफ होतं. खऱ्या लाकडाच्या रेषा एका बाजूवरून कडेवर उतरताना दिसतात आणि कापलेल्या तोंडाला वेगळी नक्षी दिसते, एमडीएफ सगळीकडून सारखंच तपकिरी, रेषा नाही काही नाही. वरून जाड रंग दिला की कळत नाही, म्हणून घेताना निदान एखादी बाजू बिनरंगाची असेल असाच सेट बघा. एक वर्षाचं मूल ठोकळा आधी तोंडात घालणार आणि मग खेळणार हे गृहीत धरूनच बघायचं, लाळेत तो दिवसभर भिजणारच.

अजून एक गोष्ट, जी मला तेव्हाच कळायला हवी होती. लाखेचा तो चमकदार रंग चढतो फिरत्या लाकडावर, लेथवर, घासून निघालेल्या उष्णतेने लाख वितळते आणि पसरते. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणी अशीच होतात, रंग चढल्यावर केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चमक आणतात. म्हणूनच ती गोल असतात, कड्या, भोवरे, दांडे, बाहुल्या. चौकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूंवर लेथवर लाख कशी चढणार? व्हिडिओ एका वस्तूचा आणि विकायची वस्तू भलतीच. ठोकळ्यांचा फोटो गुगल लेन्सवर टाकला तर तोच फोटो, तेच लाकडी टेबल, तीच मागची कुंडी, वेगवेगळ्या नावांच्या सहा-सात दुकानांवर, एका ठिकाणी ६४९ रुपये, सावंतवाडीचं नावसुद्धा नाही. हे ऑर्डरच्या आधी केलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. व्हिडिओतले ते गृहस्थ कोण, कुठले, त्यांना तरी माहीत आहे का की त्यांच्या हाताच्या कामावर कोण काय विकतंय, याचा मला अजून त्रास होतो.

पैशांचं सांगायचं तर फोन आणि मेसेज करून थकले. पहिले दोन दिवस ‘टीमला कळवलंय ताई’, मग रंगाचे फोटो पाठवले तर ‘नैसर्गिक रंग थोडा जातोच’, मग ब्लॉक. वेबसाइटवर कंपनीचं नाव नाही, पत्ता नाही, तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे हे सगळं दाखवणं बंधनकारक आहे, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात निकाली काढायची, आणि जाहिरातीत सांगितलं त्याप्रमाणे वस्तू नसेल तर परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. म्हणून आता मी उलट्या बाजूने सुरुवात करते, वस्तू बघायच्या आधी वेबसाइटच्या तळाशी जाऊन पत्ता आणि नाव आहे का ते बघते, नसेल तर तिथेच बंद.

आणि मग चौथ्या दिवशी एका वेगळ्याच नंबरवरून फोन, ‘रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय’. ऑर्डर नंबर बरोबर, रक्कम बरोबर, बोलणं अगदी अदबीने. क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, रक्कम टाका आणि पिन टाका, पैसे लगेच जमा. मी खरंच स्कॅन करायला निघाले होते, डोकं इतकं शिणलं होतं. नवऱ्याने फोन हातातून घेतला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मला माहीत आहे, तुम्हालाही असेल, पण रडकुंडीला आलेल्या माणसाला त्या क्षणी आठवत नाही, म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी शेजारी बसवूनच असले फोन घ्या. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, नंबर मिळालाय. पार्सलवरच्या लेबलवर भलत्याच राज्यातल्या एका गोदामाचा पत्ता होता, ते लेबल मी फाडून टाकलं नव्हतं हीच एक गोष्ट बरी झाली, नाहीतर तक्रार कुणाविरुद्ध लिहायची हाच प्रश्न होता. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे तिथे जायची तयारी ठेवलीय.

बरं, मग घ्यायचं काय? एक वर्षाच्या मुलाला ५० ठोकळे लागतच नाहीत. आमची लेक आत्ता काय करते तर दोन ठोकळे एकमेकांवर आपटते, डब्यात टाकते, डबा उपडा करते, परत टाकते. एकावर एक ठेवणं बहुतेक मुलं सव्वा वर्षाच्या आसपास सुरू करतात, तीन-चारचा मनोरा दीड वर्षापर्यंत. म्हणजे आठ-दहा ठोकळे पुरे, चार-पाच सेंटिमीटरचे, पायावर पडले तर लागणार नाही इतके हलके, कोपरे गोल केलेले. एकमेकांत अडकणारे मोठे प्लास्टिक ब्लॉक्स घ्यायचे असतील तर त्यातल्या बऱ्याच चांगल्या सेटवरसुद्धा दीड वर्ष लिहिलेलं असतं, तेवढं थांबा. मॅग्नेटवाले तर या वयात नकोच, आतलं मॅग्नेट सुटून पोटात गेलं तर फार वाईट होतं, एकाहून जास्त असतील तर आतड्याला चिमटा बसतो.

आकार तपासायला मी आता हे करते. जाड कागदाची बरोबर १० सेंटिमीटर लांब पट्टी कापायची आणि टोकाला टोक भिडवून, एकावर एक न चढवता, चिकटपट्टी लावायची. जे कडं होतं ते साधारण ३२ मिलिमीटरचं. खेळणी तपासताना प्रयोगशाळेत जी नळी वापरतात तिचं तोंड ३१.७ मिलिमीटरचं असतं, तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यातला तुकडा न दाबता तिच्यात पूर्ण मावला तर ते खेळणं नापास. आमच्या सेटमधले १९ तुकडे माझ्या कागदी कड्यातून सरळ खाली पडले. पण कड्यातून गेला नाही म्हणजे झालं असं समजू नका, लांबट दांड्यांवर आणि गोल चेंडूंवर तरीही लक्ष ठेवा.

आयएसआय मार्क असेल तर नुसता मार्क बघून थांबू नका, तोही छापता येतो. वर खेळण्यांच्या मानकाचा नंबर, आयएस ९८७३, लिहिलेला असतो (बॅटरीवाल्या खेळण्यांना आयएस १५६४४) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की लायसन्स कुणाचं, कशासाठी, चालू आहे का ते दिसतं. सीई (हा युरोपातला मार्क) छापलेलं बघून मी खूश झाले होते, भारतात त्याने आयएसआयची जागा भरत नाही.

परवा आई परत गेली ती जाताना सावंतवाडीला उतरली, चितार आळीतल्या ओळखीच्या माणसाला समोर बसवून सगळं सांगितलं आणि त्यांच्याकडून नऊ ठोकळे करून घेतले, बिनरंगाचे, मुठीत जेमतेम मावतील एवढे. किती झाले ते ती सांगत नाहीये. ते पार्सल आज आलं. आधीचे सगळे ठोकळे, बॉक्स, तो ३+ चा स्टिकर आणि लेबल एका पिशवीत बांधून माळ्यावर ठेवलंय, पुरावा म्हणून. तुमच्याकडेही आजोबांच्या लेथच्या व्हिडिओवरून घेतलेला असा सेट आला असेल तर मुलापासून आजच लांब ठेवा आणि लेबल टाकू नका, १९१५ वर तुमचीही तक्रार नोंदवा.