पागेतील आठ महिने : वापरानंतरचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरपासून मी इंग्लंडमध्ये, डर्बीशायरमधील एका जुन्या जहागिरीच्या पागेत भाड्याने राहत आहे. पागेची आता घरे केली असली, तरी ती मुळात घोड्यांसाठी बांधलेली आहे, याचा विसर ती एक दिवसही पडू देत नाही.

बैठकीच्या खोलीत मूळच्या निळसर काळ्या, कडक भाजलेल्या स्टॅफर्डशायर विटा आहेत. टाप घसरू नये म्हणून त्यांवर चौकटीच्या खाचा पाडलेल्या असून, मूत्र वाहून जावे यासाठी जमीन नालीकडे उतरती ठेवलेली आहे. परिणामी टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा द्यावा लागतो आणि सांडलेले तांदूळ काडीने टोकरून काढावे लागतात. खिडक्या उंचावर आहेत, कारण वाऱ्याचा झोत घोड्याच्या अंगावर येऊ द्यायचा नसे. बसल्या जागेवरून मला फक्त आभाळ दिसते, तेही बहुधा ढगाळ.

खरी तक्रार ओलीची आहे. पूर्वी खालची दमट हवा छपरावरील मनोऱ्याच्या झिलमिळ्यांतून बाहेर पडत असे. घरे करताना ती वाट बुजवली आणि चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक रंग फासला, त्यामुळे ओल आतच कोंडली. जानेवारीत कपाटामागे बुरशी धरली. व्यवस्थापकांनी आधी ओल शोषणारे यंत्र आणून दिले, त्याने काही साधले नाही. शेवटी एका भिंतीचा रंग खरवडून चुना दिला, तेव्हा एप्रिलपर्यंत ती एकच भिंत कोरडी झाली.

गाडीखाना अंगणापलीकडे आहे. पागेतील अमोनियाने बग्गीचे व्हार्निश आणि कातडे खराब होत असल्याने तो वेगळा ठेवत. त्याच्या रुंद दारांमागे माझी छोटी मोटार अगदीच केविलवाणी दिसते. साज ठेवण्याच्या खोलीत मात्र, कातड्याला बुरशी येऊ नये म्हणून शेगडीची सोय असे. संपूर्ण घरात तीच खोली उबदार आहे आणि मी काम तेथेच करतो.

मार्चमध्ये मुद्दाम चॅट्सवर्थ या डर्बीशायरमधीलच मोठ्या जहागिरीची पागा पाहून आलो. वास्तुकार जेम्स पेन यांनी 1760 च्या सुमारास रचलेल्या या इमारतीत 80 घोड्यांची ठाणे होती. शेवटचे घोडे 1939 मध्ये गेले आणि आता तेथे उपाहारगृह व दुकाने आहेत. तेथे मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, धान्याच्या कोठारांशेजारी, वरच्या मजल्यावर राहत. करार वाढवताना मीही माळ्यावरचे घर मागितले आहे.