सेकंडहँड १४९००के घेताना ३४,५०० बुडाले, आणि स्क्रीनवर ५३ दिसत होतं

आकडा आधी सांगतो. ३४,५०० रुपये. २,००० टोकन, २०,००० यूपीआय, १२,५०० रोख. एवढे मोजून घेतलेला कोअर आय नाईन १४९००के, म्हणजे इंटेलचा कॉम्प्युटर प्रोसेसर, माझ्या मदरबोर्डावर स्टॉक (कंपनीच्या मूळ) सेटिंगला टेस्टमध्ये ३ मिनिटं पण टिकत नाही. हे लिहायची लाज वाटते, घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही, पण तोच माणूस परत विकायला बसलाय म्हणून लिहितोय.

मी साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. झेड७९० मदरबोर्ड होता, त्यावर १३६००के, म्हणजे इंटेलचाच खालचा प्रोसेसर, तो चांगला चालत होता. पण ४के मल्टिकॅमला (अनेक कॅमेऱ्यांचं एकत्र एडिट) वेळ जायला लागला, दोन लग्नं डोक्यावर होती, आणि नवीन १४९००के घ्यायचा तर पन्नास हजारांच्या आसपास. तेव्हा जाहिरात दिसली. 'बिन्ड चिप, ऑल कोअर ६.० स्टेबल, बॉक्स सकट, वॉरंटी बाकी.' बिन्ड म्हणजे निवडून काढलेली, जास्त वेगाने पळणारी, आणि ६.० म्हणजे सगळे कोअर ६ गिगाहर्ट्झवर. सोबत ६.० ला सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या टेस्टच्या स्कोअरचे स्क्रीनशॉट. म्हणजे गडी स्वतःच सांगत होता की ही चिप मी महिनोन्महिने जास्त व्होल्टेजवर पळवलीय, आणि मी ते वाचून चिप चांगली असणार असं समजलो. ओव्हरक्लॉक करून (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवून) झालेली चिप विकताना कोणी स्कोअर दाखवत असेल तर तो स्कोअर त्या चिपच्या आयुष्यातून वजा झालाय असं समजा.

आणि मी काही अगदी अडाणी नाही. १३व्या-१४व्या जनरेशनचा घोळ मला माहीत होता. २०२४ च्या जुलैमध्ये इंटेलनेच मान्य केलं की मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) चुकीचं जास्त व्होल्टेज मागतोय, ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा अपडेट ०एक्स१२९ आला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी, वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. पण एकदा चिप खराब झाली की अपडेटने ती बरी होत नाही, हेही तेव्हाच सांगितलेलं. तोच वेग टिकवायला चिपला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि ते मिळालं नाही की हिशेब चुकतात. हे सगळं वाचलेलं असून मी फसलो, म्हणून राग जास्त आहे.

पुण्यात कोथरूडला त्याच्या घरी गेलो. रस्त्यावर किंवा एखाद्या चहाच्या टपरीवर बोलावलं असतं तर मी गेलोच नसतो. घर व्यवस्थित, आईने पाणी दिलं, चहा दिला, मुलगा पंचविशीतला, बोलायला गोड, दर वाक्याला दादा. अशा घरात बसून तुम्ही तरी माणसावर संशय घेतला असता का सांगा. टेबलावर उघडा सेटअप, ३६० चा एआयओ (पाण्याचा कूलर), सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवून दाखवला, पास झाला. बाजूला कोअरचा वेग दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो उघडा होता.

आणि तिथेच. पी-कोअर (चिपचे मोठे, वेगवान कोअर) सगळे ५३०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे मल्टिप्लायर ५३. १४९००के चे पी-कोअर स्टॉकला सगळे एकदम चालले तरी प्रत्येकी ५७ पर्यंत जातात, दोन कोअर ६० पर्यंत. दहा मिनिटांचा लोड आहे, पॉवर लिमिटने खाली आले असतील म्हणावं तर लोड संपल्यावरही वर जात नव्हते, ५३ वर खिळे ठोकल्यासारखे. मी विचारलं सुद्धा. "५३ का रे?" तर म्हणाला, "उन्हाळा आहे ना दादा, टेंपरेचर नको म्हणून खाली ठेवलंय, तुम्ही घरी जाऊन ५७ काय, ६० लावा." आणि मी मान हलवली! क्रॅश होणारी १४९००के कशीबशी चालवायची तर लोक पी-कोअरचा मल्टिप्लायर ५३ ला आणतात, हे मी स्वतः वाचलेलं होतं, एका मित्राला मीच फोनवर सांगितलेलं होतं. तो ५३ आकडा माझ्यासमोर दहा मिनिटं होता. ६.० स्टेबल म्हणून विकतोय आणि चालवतोय ५३ वर, एवढं एक वाक्य मी त्याला बोललो असतो तर तिथून उठून आलो असतो. आजही रात्री झोपताना तो ५३ डोळ्यासमोर येतो.

वाय-क्रंचर (गणित करून उत्तर तपासणारी टेस्ट) लाव म्हटलं तर म्हणाला नेट स्लो आहे. पेनड्राइव्ह घेऊन जा! स्वतःच्या पेनड्राइव्हमध्ये वाय-क्रंचर, प्राइम९५, ओसीसीटी टाकून न्या, आणि त्याच्या बोर्डाचा बायोस (मूळ सेटिंगचा मेनू) उघडून डीफॉल्ट लोड करून मगच टेस्ट लावा. तो नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

वॉरंटीचंही तसंच. बॉक्स दाखवला, लेबल दाखवलं, "५ वर्षं आहे दादा." चिप सॉकेटमधून काढून अर्धवट पुसून हातात दिली, चिपच्या धातूच्या झाकणावर कूलरची पेस्ट तशीच. घरी येऊन स्पिरिटने पुसली तर झाकणावरचा बॅच नंबर वेगळा, बॉक्सवरचा वेगळा. बॉक्स दुसऱ्याच चिपचा. चिप बहुतेक ट्रेची (बॉक्सशिवाय सुटी विकलेली) आहे, आणि ट्रेच्या चिपची वॉरंटी जिथून घेतली त्या विक्रेत्याकडूनच मागायची असते, तो विक्रेता कोण हे मला कुठून कळणार. पैसे द्यायच्या आधी झाकण पुसा, नंबर जुळवा, फोटो काढा.

घरी ५७ ला, म्हणजे नुसत्या स्टॉकला, पहिल्या दिवशी एनव्हिडियाचा ड्रायव्हर इन्स्टॉल होताना अर्ध्यात बंद पडला. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइलचा हिशेब जुळत नाही. भाच्याने गेम लावला तर 'आऊट ऑफ व्हिडिओ मेमरी', ग्राफिक्स कार्डवर १२ जीबी असताना. मला वाटलं रॅम. ११,२०० ची नवीन डीडीआर५ किट आणली, तेच. दुकानात दाखवलं, १,५०० तपासणीचे घेतले आणि विंडोज परत टाकून दिलं, बस. शेवटी १३६००के ज्या मित्राला १३,००० ला विकला होता त्याच्याकडून एका रात्रीपुरता मागून आणला. सगळं चाललं, त्याच रॅमवर, त्याच बोर्डावर. मग आय नाईन परत लावून प्राइम९५ लावला तर राउंडिंग एरर, वाय-क्रंचर ३ मिनिटांत फेल, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हीया लॉगर १९, म्हणजे हार्डवेअर एररच्या, ओळीच ओळी. ओसीसीटीने कोअर एकेक करून तपासले तर जे दोन कोअर ६.० पर्यंत बूस्ट होतात तेच दोन चुकत होते.

सिनेबेंच पास का होतो तेही ऐका. सगळे कोअर भरले की २५३ वॉटची मर्यादा लागते आणि वेग आपोआप खाली येतो, खरी परीक्षा होते ती एकदोन कोअर पूर्ण बूस्टवर असताना. आणि सिनेबेंच उत्तर बरोबर आलं का हे बघतच नाही, चित्र पूर्ण झालं की पास. प्राइम९५ आणि वाय-क्रंचर उत्तर तपासतात. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत होतं.

फोन केला, पहिल्यांदा "तुमचा बोर्ड जास्त व्होल्टेज देतोय", दुसऱ्यांदा "तुम्ही स्वतः बघून घेतलंय दादा", तिसऱ्यांदा ब्लॉक. परत कोथरूडला गेलो तर कळलं भाड्याची खोली होती, सोडली.

मग पोलीस. आमच्या ठाण्यात म्हणाले व्यवहार पुण्यात झाला, आमच्या हद्दीत येत नाही. पुण्याच्या ठाण्यात दोन तास बाकावर, मग अंमलदार म्हणाले जाहिरात ऑनलाइन होती ना, सायबरला जा. सायबरला म्हणाले तुम्ही प्रत्यक्ष भेटून, बघून, हाताने पैसे दिलेत, यात सायबर काय आहे, ठाण्यात जा. परत ठाणे. आता दुसरे साहेब. "वस्तू मिळाली ना? चालू होते ना? मग ही दिवाणी बाब झाली, कोर्टात जा." मी टेस्टचे फोटो दाखवले, बॅच नंबर दाखवले, दुसऱ्याचा बॉक्स दाखवून विकणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे म्हटलं, तर म्हणाले कलमं आम्हाला शिकवू नका. एका माणसाने, एकानेच, ते टेस्टचे फोटो नीट वाचले असते तरी मला बरं वाटलं असतं. बँकेने सांगितलं पैसे तुम्हीच पाठवलेत. ओळखीचे वकील म्हणाले तो दुकानदार नाही, एकटा माणूस आहे, ग्राहक आयोगात टिकवणं अवघड. ३४,५०० साठी दिवाणी दावा कोण लावतो, वकिलाची फी त्याच्या वर जाईल. म्हणजे या माणसाने आकडाच असा धरलाय की कोणी मागे लागू नये.

यूपीआयचे २०,००० सुद्धा वेगळ्याच नावावर गेलेत. "भावाचं खातं आहे" म्हणाला. भावाचं, बहिणीचं, कोणाचंही असो, समोर बसलेल्या माणसाच्या नावावर खातं नसेल तर पैसे पाठवू नका. आणि रोख तर मुळीच नाही, त्या १२,५०० चा माझ्याकडे कागदाचा कपटा नाही.

रॅम, दुकान, पुण्याच्या दोन खेपांचं पेट्रोल आणि टोल २,३५० धरून ४९,५५० झाले. एवढ्यात नवीन आला असता, बिल सकट.

सध्या तीच चिप ५३ वर चालवतोय कारण दुसरी घ्यायला पैसे नाहीत. प्रत्येक एक्स्पोर्ट पूर्ण बघून मगच पार्टीला देतो, कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओत मध्येच बिघडलेली फ्रेम गेली तर माझं नाव जाईल.

गेल्या आठवड्यात नवीन जाहिरात दिसली, नाव वेगळं, नंबर वेगळा, पण फोटोत तोच निळ्या चौकटीचा टेबलक्लॉथ आणि तोच उघडा सेटअप. यावेळी १४९००केएस, 'बिन्ड, ६.२ स्टेबल'. ती घेऊन ठाण्यात गेलो तर म्हणाले अजून कोणी तक्रार दिली तर एकत्र बघू. भांडून अर्ज दिला, शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे. तर मागच्या वर्षभरात पुण्यात कोणी असा बिन्ड आय नाईन घेतला असेल तर आज झाकण पुसून बॉक्सचा नंबर जुळवून बघा, मल्टिप्लायर ५७ ला आणून अर्धा तास वाय-क्रंचर लावा, आणि फेल झाला तर मला कळवा. त्यांना दुसरा अर्ज हवाय, तो आपण नेऊन देऊ.