हॉलो नाइट: सात महिन्यांनंतर, मुख्यतः कानांविषयी

आधी कबुली. हॉलो नाइट म्हणजे किड्यांच्या जमिनीखालच्या राज्यात भटकत लढायचा व्हिडिओ गेम, आणि पहिले दोन महिने तो मी आवाज बंद ठेवून खेळले. रात्री सगळे झोपल्यावर बसायचं, एका कानात पॉडकास्ट आणि सेटिंगमध्ये मास्टर व्हॉल्यूम शून्यावर. तेव्हा कुणी विचारलं असतं तर म्हणाले असते, "बरा आहे, पण उगाच अवघड, आणि बोगदे सगळे सारखेच." मग कंटाळून तो सेव्ह अर्धवट सोडला आणि हेडफोन लावून पहिल्यापासून सुरुवात केली. आता पाच महिने झाले.

पहिला धडा नकाशानेच दिला. नव्या भागात नकाशा मिळतो तो कॉर्निफर या नकाशे काढणाऱ्या किड्याकडून, पण त्याला आधी शोधावं लागतं. जमिनीवर कागद पडलेले दिसले की तो जवळपास आहे, एवढं मला आधीही माहीत होतं. तो गुणगुणतो, आणि त्या आवाजाच्या मागे गेलं की सापडतो, हे मात्र माहीत नव्हतं! आधीच्या खेपेला दोन अख्खे भाग मी चाचपडत काढले होते. बरणीत कोंडलेल्या अळ्यांचंही तेच. त्यांचं रडणं ऐकू आलं की मग इथे कुठली तरी भिंत फुटत असणार, हे सुचतं.

गेम २०१७ चा, टीम चेरी या ऑस्ट्रेलियातल्या छोट्याशा चमूने केलेला, आणि संगीत ख्रिस्तोफर लार्किन यांचं. त्यातला माझा सगळ्यात आवडता भाग सिटी ऑफ टिअर्स. जमिनीखालचं शहर, तरी तिथे सतत पाऊस, कारण वर तळं आहे आणि त्याचं पाणी झिरपतं. आवाज बंद असताना तो पाऊस म्हणजे पडद्यावरच्या नुसत्या रेघा होत्या. आता इमारतीत शिरलं की पाऊस दबतो, बाहेर आलं की पुन्हा अंगावर येतो, आणि त्यातून एका बाईचा आवाज दुरून तरंगत येतो. पहिल्या दिवशी मी बाकावर बसले आणि कंट्रोलर मांडीवर ठेवून दिला. काही केलंच नाही. एरवी बाक दिसला की बसायचं, सेव्ह झालं की पळायचं, ही माझी पद्धत.

लढायांत मी सुधारले का? फारशी नाही. मँटिस लॉर्ड्स या बलाढ्य शत्रूंनी दोन्ही खेपांना सारखंच लोळवलं. पण आता त्या तंतुवाद्यांच्या घाईत पुन्हा उभं राहावंसं वाटतं, पूर्वी गेमच बंद करायचे. हॉर्नेट ही दुसरी प्रतिस्पर्धी मात्र कानांमुळे सोपी झाली. ती आधी ओरडते, मग झेपावते. (ब्लूटूथ हेडफोन वापरू नका. माझ्या जोडीत आवाज इतका उशिरा यायचा की ओरडणं ऐकू येईपर्यंत मार बसलेला असायचा. वायरवाले घेतले तेव्हा सुटले.)

डीपनेस्ट या अंधाऱ्या भागाबद्दल खरं सांगते, तिथे मी आवाज पुन्हा कमी केला. धड संगीत असं नाहीच, नुसती अंधारात सरपटणाऱ्या पायांची खुडबुड. दहा मिनिटांनी परत वाढवला, कारण न ऐकता तिथे जाणं जास्त भीतिदायक निघालं.

पुढे गोष्ट फुटते, नको असेल तर इथेच थांबा.

क्रॉसरोड्स या भागात मायला नावाची एक खाणकामगार आहे. कुदळ मारता मारता गाते. पहिल्या सेव्हमध्ये मी तिचं बोलणं बटण दाबून उडवलं होतं. पुढे त्या राज्यातला रोग लागून तिचे डोळे नारिंगी झाले, ती अंगावर आली, तेव्हा बाकीच्या किड्यांसारखीच तिलाही मारलं आणि पॉडकास्ट ऐकत पुढे गेले. या खेपेला मी तिचं गाणं ऐकायला मुद्दाम वाट वाकडी करायचे. मग एक दिवस तिच्या जागी पोचले तर गाणं नव्हतं, फक्त कुदळ. मागच्या मागे वळले. आता त्या बाजूला काम असलं तरी लांबच्या वाटेने जाते.