कवटीचं चित्र, दांडिया बाजारातली प्रिंट आणि फ्रेम

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये युरोपियन ऑइल पेंटिंग्ज लहानपणापासून बघतोय त्यामुळे घरी एक डच स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, लावायचं डोक्यात होतंच. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवर पीटर क्लासचं १६२८ चं कवटी आणि लेखणीवालं चित्र मोठ्या फाइलमध्ये फुकट मिळतं, तेच पेनड्राइव्हवर घेऊन दांडिया बाजारातल्या एका दुकानात गेलो. मूळ चित्र जेमतेम २४ बाय ३६ सेंटिमीटर, लाकडी फळीवर, म्हणून तेवढीच साइज सांगितली.

पहिली प्रिंट ग्लॉसी कागदावर आणि सगळी काळी. आता या चित्रात आहेच काय, तर तपकिरी, राखाडी आणि थोडा पिवळट रंग, पण त्या दोन-तीन रंगांतच आडवा पडलेला काचेचा पेला, त्यात चमकणारा उजेड आणि विझत आलेली दिव्याची वात दिसते, आयुष्य किती थोडं ते तिथेच कळतं, आणि तीच वात प्रिंटमध्ये गायब! दुकानातल्या काकांना समजावलं तर त्यांनी न कुरकुरता मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या कागदावर परत काढून दिली, वरचे पैसे नाही घेतले. आता कवटीचे पडलेले दातसुद्धा मोजता येतात.

आई म्हणाली, "अरे, कवटी कशाला घरात?" तिला लेखणी दाखवली, लिहिणारा गेला तरी ती तिथेच पडलीये. मग तिनेच खिळ्याची जागा सांगितली.

फ्रेम साधी काळी घ्या, सोनेरी नको. प्रिंट मॅट कागदावरच मागा.