मुरुमांचे डाग आणि खड्डे : नारंगी करेक्टर व कन्सीलर वापरल्याचे नऊ महिने

माझ्या दोन्ही गालांवर आणि हनुवटीच्या कडेने मुरुमांनी दोन प्रकारच्या खुणा मागे ठेवल्या आहेत. एक डाग, म्हणजे सपाट त्वचेवर उरलेला तपकिरी किंवा काळसर रंग. आणि दुसरे खड्डे, म्हणजे आतला आधार कमी झाल्याने त्वचा जिथे खाली बसली आहे अशा जागा. हा फरक मला वयाच्या ३४ व्या वर्षी, गेल्या ऑगस्टमध्ये त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी हातात आरसा देऊन आणि खिडकीशी बाजूने बसवून दाखवला. त्याआधी बारा-तेरा वर्षे मी दोन्हींवर एकच फाउंडेशन थापत होते. डाग राखाडी का दिसतात आणि खड्डे दुपारनंतर अधिक खोल का वाटतात, याचा दोष मी स्वतःच्या चेहऱ्याला देत होते. ऑगस्ट ते एप्रिल या नऊ महिन्यांत काय वापरले, कसे वापरले आणि त्याचा उपयोग कुठे संपतो, हे सविस्तर लिहीत आहे, कारण गव्हाळ आणि सावळ्या त्वचेचा विचार करून लिहिलेला असा अनुभव मराठीत शोधताना माझ्या हाती फारसे काही लागले नव्हते.

माझी त्वचा तेलकट आहे, रंग गव्हाळाहून थोडा सावळा आणि त्यात पिवळसर झाक आहे. डोंबिवलीहून रोज लोकलने प्रवास करून मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. रात्री डॉक्टरांनी दिलेले अडापालीन जेल लावते, त्यामुळे नवे मुरूम आता पाळीच्या आसपास एखाद-दुसराच येतो. जुन्या खुणांपैकी बऱ्याचशा मात्र माझ्या विशीतल्या एका चुकीतून आल्या आहेत. गोरेपणासाठी म्हणून औषधाच्या दुकानातून कुणीतरी सुचवलेले एक मलम मी वर्षभर लावले होते. त्यात स्टेरॉइड होते, हे मला ते थांबवल्यावर चेहरा लाल होऊन मुरुमांनी भरला तेव्हा समजले. अशी अनेक स्टेरॉइड मलमे सरकारने २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. ती अजूनही हातोहात मिळतात, म्हणून हे आधी सांगावेसे वाटले.

आता मूळ वस्तूंकडे येते. करेक्टर, म्हणजे डागाचा रंग आधी मारणारे प्रसाधन, म्हणून मी एल. ए. गर्लच्या प्रो कन्सील मालिकेतली नारंगी छटा घेतली. ही ८ ग्रॅमची ट्यूब असते आणि तिच्या टोकाला ब्रश असतो. कन्सीलर, म्हणजे त्यावरून डाग झाकणारे त्वचेच्या रंगाचे प्रसाधन, मेबलीनच्या फिट मी मालिकेतला आहे. यांखेरीज सिलिकॉनयुक्त प्रायमर (मेकअपआधी त्वचा गुळगुळीत भासावी म्हणून लावायचे क्रीम), रंगहीन बारीक पावडर आणि एक अगदी बारीक, सपाट ब्रश. फाउंडेशन पूर्ण बंद केले.

नारंगी रंग चेहऱ्यावर लावायचा, ही कल्पनाच मला सुरुवातीला पटत नव्हती. पण त्यामागचे कारण समजले आणि शंका गेली. त्वचेतले मेलॅनिन, म्हणजे तिला रंग देणारे द्रव्य, जितके खोल असेल तितके ते बाहेरून निळसर-राखाडी दिसते. त्यावर फिकट कन्सीलरचा पातळ थर दिला की खालचा काळेपणा आणि वरचा पांढुरकेपणा मिळून, फळ्यावरचा खडू नीट न पुसल्यावर उरतो तशी राखाडी छटा येते. नारंगी हा निळ्याचा विरुद्ध रंग असल्याने तो आधी खालचा निळसरपणा मारतो आणि मग कन्सीलरला झाकायला केवळ एक उबदार तपकिरी जागा उरते. परदेशी व्हिडिओंमध्ये सर्रास दाखवला जाणारा हिरवा करेक्टर लालसरपणासाठी असतो. गोऱ्या त्वचेवर मुरूम लाल डाग ठेवतो, आपल्याकडे बहुधा तपकिरी. त्यामुळे माझ्या हिरव्या ट्यूबचा उपयोग ताज्या, लाल मुरुमापलीकडे कधी झाला नाही. अगदी गोऱ्या मुलींना नारंगी भडक होतो, त्यांना पीच, म्हणजे फिकट गुलाबीसर-नारंगी, पुरेसा असतो. फार सावळ्या त्वचेला याहून लालसर छटा लागते.

कन्सीलरची छटा निवडताना माझी पहिली खरेदी वाया गेली. काउंटरवरच्या मुलीने मनगटावर लावून पाहिले, "मॅडम, हा तुम्हाला खुलून दिसेल" असे म्हणाली, आणि मी दोन छटा उजळ ट्यूब घेऊन आले. डोळ्यांखाली थोडी उजळ छटा चालते, डागांवर अजिबात चालत नाही. डागावर उजळ कन्सीलर लावला की डागाच्या जागी पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे नजर तिथेच जाते. दुसऱ्या वेळी मी तीन छटा जबड्याच्या कडेला पट्ट्यांसारख्या लावल्या, दुकानाबाहेर उन्हात गेले आणि अर्धा तास थांबून मगच ठरवले. अर्धा तास अशासाठी की तेलकट त्वचेवर कन्सीलर थोड्या वेळाने गडद होतो. मनगटाचा रंग चेहऱ्याशी जुळत नाही, हे एवढे उघड असूनही इतकी वर्षे माझ्या लक्षात आले नव्हते.

लावण्याची पद्धत शिकायला मला जवळजवळ दीड महिना लागला आणि सगळा फरक त्या पद्धतीनेच पडला, असे माझे मत आहे. सनस्क्रीन लावल्यावर दहा मिनिटे ते मुरू द्यायचे. मग मोहरीएवढा नारंगी थेंब हाताच्या पाठीवर घेऊन, ब्रशच्या टोकाने फक्त डागाच्या आत भरायचा. डागाची कड ओलांडली की नारंगी वलय तयार होते आणि ते झाकायला पुन्हा जास्त कन्सीलर लागतो. मिनिटभर थांबायचे, म्हणजे तो चिकटसर होतो. त्यावर कन्सीलर, तोही टिपत. घासला तर खालचे करेक्टर उचलले जाते आणि त्याखालचे सनस्क्रीनही सरकते. मग ब्रश पुसून, कोरड्या टोकाने केवळ कडा आजूबाजूच्या त्वचेत मिसळायच्या. मधल्या भागाला हात लावायचा नाही. शेवटी पफवर चिमूटभर पावडर घेऊन दाबायची. माझे अकरा डाग अशा रीतीने झाकायला सुरुवातीला पंचवीस मिनिटे लागत, आता सात-आठ मिनिटांत होते. उरलेला चेहरा उघडाच राहतो. मला याचे सर्वांत जास्त समाधान वाटते, कारण माझी स्वतःची त्वचा, तिची छिद्रे आणि नाकाजवळचा तीळ सगळे दिसत राहते आणि चेहरा रंगवल्यासारखा वाटत नाही.

खड्ड्यांच्या बाबतीत मात्र कोणीही कितीही आश्वासन दिले तरी विश्वास ठेवू नये, असे मी कळकळीने सांगेन. डाग हा रंग आहे आणि रंगावर रंग चढवता येतो. खड्डा ही सावली आहे. प्रकाश बाजूने आला की खड्ड्याच्या एका कडेची सावली आत पडते आणि ती सावली कोणत्याही कन्सीलरवर पडतेच. समोरून प्रकाश असलेल्या आरशात माझे गाल सपाट दिसतात आणि लोकलच्या खिडकीशी बसले की तेच गाल पुन्हा खडबडीत दिसतात, याचे कारण एवढेच. सिलिकॉनचा प्रायमर बोटाने खड्ड्यात हलकेच दाबला की उथळ, पसरट खड्डे तीन-चार तास थोडे भरल्यासारखे वाटतात, कारण तो आत बसतो आणि प्रकाश पसरवतो. सुई टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांत त्याचा काहीही उपयोग होत नाही. उलट त्यात पावडर साचते आणि दुपारी पांढरा ठिपका दिसू लागतो. त्या जागी आता मी काहीच लावत नाही. चमक असलेली कोणतीही वस्तू गालावर टाळते, कारण चमक खड्ड्याची कड उठावदार करते. अरुंद खड्ड्यांसाठी त्यांच्या तळाशी तीव्र आम्ल टेकवण्याची, पसरट खड्ड्यांसाठी त्वचेखालचे ताणलेले धागे सुईने सोडवण्याची उपचारपद्धती आहे. ते काम तज्ज्ञ डॉक्टरांचे आहे, पार्लरचे नाही.

मुंबईच्या दमट हवेत हे टिकते का, हा प्रश्न मला मैत्रिणी सर्वांत जास्त विचारतात. सकाळी साडेसहाला लावलेले दुपारी दोनपर्यंत व्यवस्थित राहते, त्यानंतर हनुवटीजवळ विरळ होते. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते अकरा वाजताच विरळ झाले होते. घाम आला की पुसायचे नाही, टिशूपेपर दाबून टिपायचा, हा एक नियम पाळला तर दुरुस्तीची गरज क्वचित पडते. पावसाळ्यात भिजल्यावर मात्र सगळे पुन्हा करावे लागते. फोनवर बोलताना स्क्रीन गालाला लागून डाव्या गालावरचे सर्वांत आधी निघते, म्हणून मी आता इअरफोन वापरते.

मेकअपने मुरूम वाढतात का, यावर मला खरी भीती होती आणि ती निराधार नव्हती. काही वर्षांपूर्वी वापरलेल्या एका तेलकट स्टिक फाउंडेशनने महिनाभरात माझ्या जबड्यावर बारीक बारीक पुळ्या आल्या होत्या. सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या अशा पुळ्यांना अमेरिकेतले त्वचारोगतज्ज्ञ क्लिगमन आणि मिल्स यांनी १९७२ मध्ये 'अ‍ॅक्ने कॉस्मेटिका' असे नाव दिले. त्या काळी कोणता घटक छिद्रे बंद करतो हे सशाच्या कानावर लावून तपासत, आणि 'नॉन-कॉमेडोजेनिक' (छिद्रे बंद न करणारे) या शब्दाचा उगम त्याच प्रकारच्या चाचण्यांत आहे. तो शब्द ट्यूबवर पाहून मी खरेदी करते, पण ती हमी समजत नाही, कारण त्यामागे सगळ्यांवर बंधनकारक असलेले एकच प्रमाण नाही. दुसरीकडे, जपानमध्ये २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात, उपचार चालू असलेल्या मुरुमांच्या रुग्ण स्त्रियांना योग्य मेकअप शिकवल्यावर त्यांचे रोजचे जगणे सुधारले आणि मुरूम वाढले नाहीत, असे दिसले होते. माझा नऊ महिन्यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो. वस्तू थोड्या आणि थोड्याच जागी लावल्याचा हा परिणाम असावा असे मला वाटते. फुटलेल्या मुरुमावर किंवा ओल्या खपलीवर मी काहीही लावत नाही; अडापालीनने पापुद्रे निघत असतील त्या दिवशीही नाही, कारण कन्सीलर पापुद्र्यांना धरून बसतो आणि मूळ डागाहून वाईट दिसतो.

रात्री काढण्याच्या कामात मी एकदाही आळस केलेला नाही. आधी क्लेन्झिंग बाम कोरड्या हातांनी फिरवून सगळे सैल करते, मग सौम्य फेसवॉश. ब्रश दर रविवारी धुऊन, आडवा ठेवून वाळवते. नवरा एकदा म्हणाला, "लावायला सात मिनिटं, काढायला दहा!" हिशेब बरोबर आहे, आणि तो तसाच असावा.

एक अनपेक्षित लाभ मला डॉक्टरांकडून कळला. आपल्या वर्णाच्या त्वचेवर डाग केवळ अतिनील किरणांनी नव्हे, तर डोळ्यांना दिसणाऱ्या साध्या प्रकाशानेही गडद होतात, आणि रंगहीन सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. तो अडवण्याचे काम आयर्न ऑक्साइड करते, म्हणजे त्वचेच्या रंगाच्या प्रसाधनांना पिवळी, लाल, काळी छटा देणारे रंगद्रव्य. डिसेंबरपासून मी साध्या सनस्क्रीनऐवजी रंगीत सनस्क्रीन घेतले. मोहरीएवढ्या कन्सीलरला सनस्क्रीन मानण्याची चूक मात्र करू नये. दोन बोटांवरच्या रेघांएवढे सनस्क्रीन रोज लागतेच.

डिसेंबरमध्येच कोल्हापूरला मामेबहिणीचे लग्न होते. तिथे मेकअप करणाऱ्या ताईंनी माझ्या डागांवर क्रायोलानचे डर्माकलर लावले. हे खास व्रण आणि डाग झाकण्यासाठीचे, जास्त रंगद्रव्य असलेले क्रीम आहे. त्यावर त्याची स्वतंत्र पावडर दाबून बसवावी लागते. सकाळच्या मुहूर्तापासून रात्रीच्या पंगतीपर्यंत ते जागचे हलले नाही. रोजच्या वापरासाठी मला ते जड वाटले, पण मोठा पांढरा डाग किंवा भाजल्याचा व्रण असलेल्यांनी त्याचा विचार जरूर करावा. या प्रकारच्या प्रसाधनांची सुरुवात करणाऱ्यांपैकी एक होत्या अमेरिकेतल्या लिडिया ओ'लिअरी. त्यांच्या चेहऱ्यावर जन्मतःच मोठा जांभळट डाग होता, आणि १९२८ मध्ये त्यांनी तो झाकण्यासाठी 'कव्हरमार्क' तयार केले. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. आपला डाग झाकावासा वाटणे हा नखरा आहे, असे मला घरातल्याच वडीलधाऱ्यांनी अनेकदा ऐकवले आहे. त्याच श्वासात हळद-बेसन, लिंबू आणि टूथपेस्टचे उपायही सुचवले आहेत. लिंबाने माझा गाल एकदा भाजल्यासारखा झाला होता आणि तिथे नवा डाग राहिला. तेव्हा कुणाच्याही कोवळ्या पुतणीला किंवा भाचीला हे उपाय सांगण्यापूर्वी कृपया थांबावे.

घरी, सुट्टीच्या दिवशी आणि जवळच्या माणसांत मी काही लावत नाही. वर्गात लावते, कारण पहिल्या बाकावरच्या मुलींची नजर गालावर थबकली की माझे वाक्य अडखळत असे. आता अडखळत नाही. ऑगस्टमधल्या अकरा डागांपैकी सात बाकी आहेत. औषध, रंगीत सनस्क्रीन आणि मुरूम न फोडण्याची सवय यांमुळे चार इतके फिकट झाले की त्यांना नुसता कन्सीलर पुरतो, आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांवर नारंगी आता कन्सीलरमधून किंचित डोकावू लागला आहे, म्हणजे तो गरजेपेक्षा गडद ठरतो आहे. ८ ग्रॅमची ट्यूब अजून तळाशी थोडी शिल्लक आहे. ती संपली की पुढची पीच छटेत घेणार आहे.