१९८३ ची मर्सिडीज ३००डी टर्बोडिझेल: हरवलेला पिकअप आणि बदनाम झालेला गिअरबॉक्स

डब्ल्यू१२३, म्हणजे ही ३००डी ज्या जुन्या मर्सिडीज मालिकेतली आहे ती, घ्यायचा विचार असेल तर जरूर घ्या. पण गाडी पळत नाही म्हणून कुणी ‘ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय’ असं सांगितलं, तर लगेच पाकीट काढू नका. माझ्या गाडीच्या बाबतीत दोन गॅरेजनी हेच सांगितलं होतं. एकाने तर गिअरबॉक्स उघडून नव्याने बांधायचा अंदाजही हातात ठेवला, आणि तो आकडा गाडीच्या किमतीच्या जवळपास होता. साताठ महिने गाडी रोज वापरतोय. गिअरबॉक्स अजून तोच आहे.

गाडी अमेरिकन बाजारातली, ३ लिटरचं पाच सिलिंडर टर्बो डिझेल इंजिन (ओएम६१७) आणि चार गतींचा ऑटोमॅटिक. ताकद सुमारे १२० अश्वशक्ती आणि वजन दीड टनाच्या वर, म्हणजे धडधाकट असतानाही ही काही रेसची गाडी नव्हे. थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किमीला १३-१४ सेकंद लागणं हे तिचं ठणठणीत असणं. माझी पंचविशी गाठत होती. न्यू जर्सीत हायवेला लागणाऱ्या रॅम्पवर मागून ट्रक येत असताना पाय तळाला टेकवायचा आणि देवाचं नाव घ्यायचं, एवढंच हातात उरायचं. चढावर तर तोंडाला रुमाल बांधून पळणाऱ्या माणसासारखी धापा टाकायची.

ऑटोमॅटिकची पंचाईत अशी की इंजिन कमजोर की गिअरबॉक्स घसरतोय, हे सीटवर बसून कळत नाही. पण फरक साधा आहे. पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही, तर गिअरबॉक्स घसरतोय. आवाजच चढत नसेल, तर इंजिनाकडे बघा. माझ्या गाडीत आवाज चढतच नव्हता, गिअर पडताना आरपीएम उसळतही नव्हते. गिअरबॉक्सचं तेल गरम इंजिनावर, सपाट जागी, पी मध्ये ठेवून डिपस्टिकने तपासलं. पातळी बरोबर, रंग लाल, जळका वास नाही. एवढ्यावर निदान अर्धं झालंच होतं.

मग स्वस्तापासून महागाकडे निघालो. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक धरून राहतोय. इथे तसं नव्हतं. एअर फिल्टर बदलला. डिझेलचे फिल्टर दोन असतात: एक छोटा पारदर्शक प्लास्टिकचा, दुसरा मोठा, स्क्रूसारखा फिरवून बसणारा. छोट्यात काळा गाळ दिसत होता. इथे या गाड्या एकेकाळी कुणी बायोडिझेलवर, कुणी चक्क वापरलेल्या खाद्यतेलावर चालवल्या. बायोडिझेल टाकीतला जुना थर सोडवतं आणि तो थेट फिल्टरमध्ये येऊन बसतो. माझ्या गाडीने आधी काय काय प्यायलंय ते देवच जाणे. दोन्ही बदलले, टाकीच्या बुडाची जाळी धुतली. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज येत असेल तर टाकीला श्वास घ्यायला वाट नाही असं समजा. तोही आवाज नव्हता. एवढं करून फरक थोडा पडला, पण समाधान नाही.

खरी गंमत पुढे आहे. या इंजिनावर, डिझेल पंपाच्या डोक्यावर, आल्डा नावाची एक डबी असते. टर्बोचा दाब वाढला की ती पंपाला सांगते, ‘आता जास्त डिझेल सोड.’ हा दाब तिला इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यावरून) एका बारीक नळीने कळतो, आणि ती नळी मॅनिफोल्डला ज्या पोकळ बोल्टने जोडलेली असते त्याचं भोक अगदी बारीक. एक्झॉस्टची काजळी आणि इंजिनातली तेलाची वाफ मॅनिफोल्डमध्ये एकत्र आली की डांबरासारखा थर जमतो आणि भोक बुजतं. टर्बो इमानाने हवा भरत राहतो, पण डबीला त्याचा पत्ताच नसतो. पंप मोजकंच डिझेल देत राहतो. बोल्ट काढला तेव्हा आरपार उजेड दिसत नव्हता. ब्रेक क्लीनर, बारीक तार आणि जुना टूथब्रश, खर्च जवळजवळ शून्य. नळीच्या वाटेवर बॉनेटखाली मागच्या भिंतीला एक व्हॉल्व्ह असतो, तोही साफ केला. नळीला टी आकाराचा जोड लावून दाबाचा गेज जोडला, तर भर जोरात सुमारे १० पीएसआय. टर्बोत काहीच बिघडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी रॅम्पवर गाडी निघाली तेव्हा बायकोने न राहवून विचारलं, “अहो, ही आपलीच ना?”

तरी काहीतरी खटकत होतं. गाडी वरचा गिअर फार लवकर टाकायची आणि मग गुरगुरत राहायची. तेव्हा बायकोला आत बसवून पेडल पूर्ण दाबायला सांगितलं आणि बॉनेटखाली बघितलं. पंपावरचा लिव्हर शेवटच्या टेकणापर्यंत पोचतच नव्हता. पेडलपासून पंपापर्यंत दांड्या, गोळ्या आणि प्लास्टिकचे बुश यांची साखळी आहे. चाळीस वर्षांत बुश झिजले, पेडलचा थोडा भाग नुसता ढिलेपणात जायचा. शिवाय गिअरबॉक्सची बाउडन केबल याच साखळीला जोडलेली. पाय किती दाबला हे गिअरबॉक्सला तिच्याकडूनच कळतं. तेव्हा झिजलेल्या बुशांनी इंजिनाला कमी डिझेल मिळत होतं, आणि गिअरबॉक्सचीही समजूत होत होती की चालकाला घाई नाही. बुश बदलले, दांड्यांची लांबी जुळवली, मग केबलचा ताण थोडा वाढवला. आता गिअर जिथे पडायला हवा तिथे पडतो.

या गिअरबॉक्सचा दुसरा कान म्हणजे व्हॅक्यूम, हवा खेचून तयार केलेली पोकळी. ब्रेकचा बूस्टर, दारांचं सेंट्रल लॉक, किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद करणं, गिअर झटका न देता टाकणं, सगळं एकाच व्हॅक्यूम पंपावर चालतं. दारातला रबरी डायफ्रॅम फाटला तर गिअर धक्के देऊ लागतात, यावर नवीन माणसाचा विश्वास बसत नाही. माझ्याकडे मागच्या डाव्या दाराची नळी गळत होती. ती बंद केली, धक्के गेले.

व्हॉल्व्ह क्लिअरन्सही, म्हणजे झडपांना ठेवलेली बारीक फट, सोडू नका. हे इंजिन आपोआप जुळवून घेणारं नाही. दर २४,००० किमीला थंड इंजिनावर इनटेक ०.१० आणि एक्झॉस्ट ०.३५ मिमी तपासायचं. झडपा हळूहळू घट्ट होतात आणि कॉम्प्रेशन जातं. थंडीत इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल तर संशय इथेच घ्या.

आता रोजच्या वापराचं. लिटरला १० किमीच्या आसपास देते, सीट आजच्या महागड्या गाड्यांना लाजवणाऱ्या, हायवेवर तासन्‌तास बसलं तरी पाठ कुरकुरत नाही. ट्रॅफिकमधून चटकन घुसायची सवय असेल तर ही गाडी तुमची नव्हे. सगळं ठीक असतानाही सिग्नल हिरवा झाल्यावर पहिला क्षण ती विचार करते, टर्बो जागा व्हायला वेळ लागतो. आवाज मात्र ट्रॅक्टरच्या जवळचा, शेजारी सकाळी खिडकीतून बघतात.

सुट्या भागांची अडचण नाही, नवे मिळतात. खरी चिंता गंजाची आहे, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. गाडी बघायला जाल तेव्हा जॅक लावायच्या जागा आणि डिकीतली स्पेअर चाकाची खोळ आधी बघा, इंजिन नंतर. आणि चाचणी फेरीआधी विकणाऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगून पंपाचा लिव्हर टेकणाला लागतो का ते बघा. लागत नसेल तर भावात घासाघीस करायला जागा आहे.